सात वाक्यं, चोपन्न दिवस

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६.१०

दुरुस्ती. कालच्या नोंदीत मी 'ऑफिसमधले सगळे माझ्यावर हसले' असं लिहिलं आहे. ते बरोबर नाही. त्या वेळी ऑफिसात मी धरून तिघं होतो. केयूर सर बँकेत गेले होते, म्हणजे ते हसणं शक्य नाही. जयसिंग (टेम्पो चालवतो, माल बांधतो) खाली बसून खोक्याला सुतळी गुंडाळत होता आणि मोबाइलवर कीर्तन ऐकत होता. तो हसला असेल तरी कीर्तनाला. राहिली शेफाली. तेव्हा 'सगळे' खोडून तिथे 'शेफाली' वाचावं. मी स्वतः पाहिलं नाही, कारण मी मान खाली घालून वाक्य लिहीत होते. पण हसण्याचा आवाज ओळखता येतो.

बाकी नोंद खरी आहे. फोन मी उचलला. पलीकडे मिस्टर ह्यूज. लंडनजवळ त्यांचं हॉटेल आहे, आमच्याकडून तांब्याचे जग आणि पेले घेतात. त्यांनी काहीतरी विचारलं. मी उत्तर लिहायला घेतलं. चाळीस सेकंद गेली. हसण्याचा आवाज आला. मग शेफालीने माझ्या हातून रिसीव्हर काढून घेतला आणि म्हणाली, सॉरी सर, शी इज न्यू. पुढे पाच मिनिटं त्यांच्याशी बोलत होती, लोहगावला घरी आपल्या आईशी बोलावं तशी.

संकल्प. पाडवा तीस मार्चला, रविवारी. पाडव्याला दुकानात गुढी उभारतात, सगळा स्टाफ असतो. आजपासून चोपन्न दिवस. त्या दिवशी सगळ्यांसमोर शेफालीला इंग्रजीत सुनावायचं. न थांबता, कागद न बघता. सात वाक्यं पुरेत.

मराठीत आजही सुनावता येईल. पण मग ती म्हणेल, हिला मराठीतच येतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

केयूर सरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, वल्लरी, तुझ्या पॅकिंगच्या याद्यांत आजवर मला एक चूक सापडलेली नाही. पण यादी फोन उचलत नाही.

यापुढे मिस्टर ह्यूज दर बुधवारी साडेचारला फोन करणार आहेत. तिकडे तेव्हा सकाळचे अकरा. पाडव्याच्या आत एक फोन मी एकटीने सुरुवातीपासून शेवटपर्यंत घ्यायचा. जमलं तर फोनचं टेबल माझं, शेफाली दुसरी गिऱ्हाइकं बघेल. नाही जमलं तर धायरीचं गोडाऊन. याद्या तिथूनही करता येतात. म्हणाले, गोडाऊन काही वाईट नाही, पंखा आहे.

कसबा पेठेतलं हे ऑफिस आमच्या घरापासून चालत अकरा मिनिटं. खाली दुकान, मागच्या गल्लीत तांबटांचे ठोके, वर आम्ही. इथे लागले तेव्हा आईने सोसायटीत सांगून टाकलं होतं की वल्लरी एक्स्पोर्टमध्ये आहे. धायरीला खोकी मोजायला गेले तर ते सगळ्या सोसायटीला परत सांगावं लागेल, आणि ते आई सांगणार नाही, मलाच सांगावं लागेल.

म्हणजे आता दोन कामं. फोन आणि सूड. दोन्हींना लागणारं इंग्रजी एकच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बुधवार पेठेत पुस्तक घ्यायला गेले. व्यवहारात उपयोगी पडेल असं इंग्रजी हवं, म्हटलं. दुकानदारांनी चष्म्यावरून बघितलं. तीस दिवसांचं देऊ की साठ दिवसांचं? मी म्हटलं, माझ्याकडे एक्कावन्न दिवस आहेत. ते म्हणाले, मग साठांचं घ्या आणि नऊ दिवस झोपू नका.

पुस्तक घेतलं. दुकानदारांचं नाव सुडाच्या यादीत दुसरं लिहिलं (नाव माहीत नाही, 'डावीकडून तिसरं दुकान' असं लिहिलं आहे).

पुस्तकात शिंप्याकडे, पोस्टात, दवाखान्यात, लग्नात काय बोलावं ते आहे. अपमान करणाऱ्या सहकारिणीशी काय बोलावं ते नाही. याला व्यवहारोपयोगी म्हणतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

आमच्या घरची पद्धत इथे नोंदवून ठेवते, म्हणजे पुढे यशाचं श्रेय योग्य ठिकाणी जाईल.

अण्णा छापखान्यात मुद्रितशोधक होते. चौथीपर्यंत त्यांनी मला शाळेत घातलं नाही, घरीच शिकवलं. शाळेत चुका शिकवतात, असं त्यांचं मत होतं. घरात नियम एकच: लिही, दाखव, मग बोल. मला आणखी एक लाडू हवा असेल तर ते पाटीवर लिहायचं, अण्णांना दाखवायचं, त्यांनी खडूने दुरुस्त केलं की मोठ्याने वाचायचं, मग लाडू. आई म्हणायची, तोवर लाडवाला मुंग्या लागतात. पण माझं मराठी आज जे आहे ते त्यामुळे.

इंग्रजीलाही हीच पद्धत. शेफालीला असं कुणी शिकवलेलं नाही. ती जे तोंडात येईल ते बोलते, आणि पलीकडच्याला कळतं. हे फार दिवस चालायचं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

पूर्णिमा मॅडमच्या स्पीकिंग क्लासला नाव घातलं. नारायण पेठ, सकाळी सात ते आठ. पहिला नियम: वही-पेन बॅगेत. आज क्लासला कसे आलात ते प्रत्येकाने इंग्रजीत सांगायचं. माझी पाळी आली. लिहायला दोन मिनिटं मागितली. मॅडम म्हणाल्या, लिहून चालत आलीस का इथे?

मी म्हटलं, येस. मॅडम म्हणाल्या, व्हेरी गुड, नेक्स्ट.

११ फेब्रुवारी, मंगळवार

क्लास अशास्त्रीय आहे. सोडला. यादीत नाव तिसरं.

१२ फेब्रुवारी, बुधवार. ४.५०

मिस्टर ह्यूज यांचा फोन. उचलला. हॅलो म्हटलं (हे लिहावं लागत नाही). त्यांनी विचारलं, मी लिहायला घेतलं. पस्तीस सेकंदांत वाक्य तयार झालं. पाच सेकंदांची प्रगती. पण दाखवायला अण्णा इथे नव्हते. म्हणून रिसीव्हर शेफालीला दिला. काढून घेतला नाही तिने, मी दिला. फरक आहे.

ती मला म्हणाली, काय गं, लिहितीस काय, बोल की. मी म्हटलं, आपण आपलं बघा. मी तिला अहो-जाहो करते. तिच्याशी सलगी नको.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. सुटी. आज मी नक्की बोलले असते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सराव. बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. हिंमत करून तीन दाबला. प्रश्न कालच लिहून अण्णांकडून तपासून घेतला होता: माझं नवीन कार्ड कधी येईल? स्वच्छ वाचला. पलीकडच्या मुलीने उलट प्रश्न विचारला. ते मी धरलेलं नव्हतं. मी पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा वाचलं. मग ती मराठीत म्हणाली, मॅडम, मी संस्कृती बोलतेय, आपण मराठीत बोलूया का, मागे लाइन लागलीय.

यादीत चौथी.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. दुकान अर्धा दिवस. साडेचारला मी घरी साबुदाण्याची खिचडी खात होते आणि मनातल्या मनात मिस्टर ह्यूज यांच्याशी उत्तम बोलत होते. सलग दोन बुधवार सरकारी सुट्यांनी घालवले. यात माझा दोष काय, ते कुणी दाखवून द्यावं.

३ मार्च, सोमवार

शेफाली डबा घेऊन माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, रोज जेवताना पंधरा मिनिटं माझ्याशी इंग्रजीत बोलत जा, कागद नाही, चुकलं तर चुकलं, इथे ऐकायला आहे कोण, एक जयसिंगदादा. जयसिंग खालून म्हणाला, मला समदं कळतंय हां.

आधी नाही म्हणणार होते. मग विचार केला. जिला हरवायचं तिचीच शस्त्रं आतून बघायला मिळत असतील तर का सोडा? ही हेरगिरी आहे. मैत्री नाही. हो म्हटलं, डबा उघडला. तिच्या डब्यात मेथीची सुकी भाजी होती. तिने अर्धी मला दिली. घेतली. हेराने संशय येऊ देऊ नये.

५ मार्च, बुधवार

तीन वाक्यं तयार, अण्णांनी पास केलेली. माल निघाला आहे. पंधरा दिवसांत पोचेल. धन्यवाद. फोन आला, मी तिन्ही वाचली. एकही अडखळ नाही.

मिस्टर ह्यूज यांनी विचारलं होतं की पेले चिंचेने घासायचे की लिंबाने.

पुढचं शेफालीने सांभाळलं. पण उच्चार माझे सरस होते. हे ती नाही म्हणणार नाही, कारण मी तिला विचारणार नाही.

८ मार्च, शनिवार

हेरगिरीचा अहवाल. शेफाली पूर्वी खराडीच्या कॉल सेंटरला होती. पहिल्या दिवशी घाबरून तिने तीन गिऱ्हाइकांचे फोन तोंडावर कापले आणि वॉशरूममध्ये कडी लावून बसली. घरी आल्यावर तिची आई, शकूमावशी, म्हणाली, उद्या जायाचं नाय तर नको जाऊ, पर म्हशीचं श्यान तू काढ. दुसऱ्या दिवशी गेली. हे सांगून ती स्वतःच खूप हसली.

नोंद: हिला स्वतःवरही हसायची सवय आहे. म्हणजे ही हसणारी आहेच. पुरावा म्हणून जपून ठेवणे.

(मीही थोडी हसले. इंग्रजीत सांगत होती आणि मला सगळं कळलं. हे नंतर लक्षात आलं.)

१० मार्च, सोमवार

सुडाची सात वाक्यं लिहून अण्णांना दाखवली. नाव नाही लिहिलं, 'संबंधित व्यक्ती' लिहिलं. अण्णांचं इंग्रजी अर्जांचं आहे. त्यांनी वर 'सविनय निवेदन' या अर्थाचं वाक्य घातलं, खाली 'तसदीबद्दल क्षमस्व'. मधे 'आपण मला हसलात' याचं 'आपल्या हास्याकडे मी आपलं लक्ष वेधू इच्छिते' झालं. सातांची अकरा वाक्यं झाली. मी मोठ्याने वाचून दाखवली. आई भाजी निवडत होती. म्हणाली, रजा किती दिवसांची हवीय?

१२ मार्च, बुधवार

मिस्टर ह्यूज यांना गुड मॉर्निंग म्हटलं. इथे दुपार असूनही, त्यांच्या सोयीने. ते खूश झाले आणि पुष्कळ बोलले. रिसीव्हर शेफालीला दिला.

अठरा दिवस राहिले. काळजी नाही. मोठी कामं शेवटच्या टप्प्यातच होतात.

१३ मार्च, गुरुवार. होळी

धोका पत्करला. अकरा वाक्यांचा कागद शेफालीला दाखवला. तारीख आणि ऑफिसचा उल्लेख काढून टाकला होता. 'तीन फेब्रुवारीला' ऐवजी 'त्या दिवशी', 'ऑफिसमध्ये' ऐवजी 'समारंभात'. म्हटलं, एका नातेवाईक बाईला पाडव्याला बोलायचं आहे. बोललेलं बरोबर आहे का, एवढंच अण्णांना कळत नाही, ते फक्त लिहिलेलं बघतात.

तिने वाचलं. म्हणाली, भांडायला चाललीस की लोन मागायला? मग खुर्ची पुढे ओढून पेन मागितलं. सविनय काढ. क्षमस्व काढ. छोटी वाक्यं कर, दम पुरतो. आणि एक तरी असं वाक्य टाक की बाई घरी जाऊन आठवत बसेल. आपल्याकडं एवढे हंडे हायत, एक वापर की.

शेवटचा मजकूर, इंग्रजीत सात वाक्यं. अर्थ असा: त्या दिवशी तुम्ही मला हसलात. मी विसरलेले नाही. मी गप्प होते, कारण मी विचार करत होते. तुम्ही विचार करत नाही, म्हणून गप्प बसत नाही. रिकाम्या हंड्याचा आवाज मोठा येतो. मी तुमच्याकडून माफीची अपेक्षा करत नाही, तेवढी तुमची ऐपत नाही. आता तुम्ही जाऊ शकता.

पाचवं, सहावं आणि सातवं तिचं. फार चांगलं झालं आहे. एका शंकेने मात्र स्वस्थता नाही: आरोपपत्र आरोपीनेच लिहिलेलं चालतं का? अण्णांना विचारता येत नाही.

१८ मार्च, मंगळवार

रोज जेवताना सराव. ती समोर बसते, ती नातेवाईक बाई होते, मी तिच्या डोळ्यांत बघून सातही वाक्यं म्हणते. आज एकदाही अडखळले नाही. तिने टाळ्या वाजवल्या. म्हणाली, कोण का असेना ती, खपली. जयसिंग म्हणाला, ताई, मला बी भ्या वाटलं.

घरी येताना वाटलं की हे सगळं तिला तोंडावर पाच वेळा बोलून झालेलं आहे. पण तिला माहीत नाही, म्हणून ते धरायचं नाही.

१९ मार्च, बुधवार. रंगपंचमी

फोन आला नाही. मी तयार होते.

२५ मार्च, मंगळवार

उद्या पाडव्याआधीचा शेवटचा बुधवार. चार उत्तरं लिहून, तपासून, पाठ. माल मिळाला का, मोजून घ्या, पुढचा माल मेमध्ये, धन्यवाद. रविवारची सात वाक्यंही पुन्हा पाठ केली, मूळ तारखेसह. उद्या टेबल मिळणार, रविवारी सूड. क्रम चांगला आहे. जिंकलेल्या माणसाने सुनावलं की जास्त लागतं.

२६ मार्च, बुधवार. ५.४०

जे झालं ते क्रमाने लिहिते.

साडेचारला फोन. केयूर सर समोर बसले. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. शेफाली खिडकीशी, जयसिंग दारात. मी गुड मॉर्निंग म्हटलं. मिस्टर ह्यूज म्हणाले, जग मिळाले, सुंदर आहेत, पण सहा जगांची झाकणं बसत नाहीत. आणि हसले. चांगलं हसले, आपण एखाद्या घरच्या गोष्टीवर हसतो तसे.

माझ्या चार उत्तरांत झाकण नव्हतं.

मी कागदाकडे हात नेला. केयूर सरांनी कागद उचलून आपल्याकडे ठेवला. दहा सेकंद. वीस. मागच्या गल्लीतले ठोके ऐकू येत होते. तोंड उघडलं आणि जे तोंडपाठ होतं ते बाहेर आलं.

तीन फेब्रुवारीला ऑफिसमध्ये तुम्ही मला हसलात. मी विसरलेले नाही. मी गप्प होते, कारण मी विचार करत होते.

तिसऱ्या वाक्यालाच माझ्या लक्षात आलं होतं. पण सुरू केलेला मजकूर अर्ध्यात सोडू नये, असं अण्णांनी शिकवलं आहे. हंड्यापर्यंत आले. ऐपतीपर्यंत आले. आता तुम्ही जाऊ शकता, असं म्हणून थांबले. कागद नाही, अडखळ नाही. उच्चार स्वच्छ.

 मिस्टर ह्यूज अतिशय सभ्यपणे म्हणाले की तीन फेब्रुवारीचा फोन त्यांना आठवतो. त्यांनी पुष्कळ वेळ वाट बघितली होती, हसल्याचं मात्र आठवत नाही. उलट कुणाला तरी जोराचा ठसका लागलेला त्यांनी ऐकला होता. त्या व्यक्तीची तब्येत आता कशी आहे?

मी शेफालीकडे बघितलं. तीन फेब्रुवारी ऐकल्यापासून ती माझ्याकडे बघत होती. ती आली, स्पीकर बंद केला, रिसीव्हर उचलला आणि त्यांना सांगितलं की हा मजकूर आमच्या दुसऱ्या एका कामाचा होता, झाकणं आम्ही नवीन पाठवतो. त्यांनी विचारलं म्हणे, तुमच्याकडे सगळ्या गिऱ्हाइकांना असं बोलतात का. ती म्हणाली, नाही, फक्त खास.

फोन ठेवल्यावर मला एवढंच म्हणाली, मी हसले नव्हते गं. चिवडा खात होते.

२७ मार्च, गुरुवार

चौकशी केली. एका बाजूचं ऐकून नोंद बदलणं योग्य नाही.

जयसिंगला विचारलं, तीन फेब्रुवारीला दुपारी काय झालं? म्हणाला, त्या दिशी मी चिवडा आनला व्हता, भाजक्या पोह्यांचा. तिखट लई. शेफाली मॅडमला ठसका लागला, डोळ्यात पानी आलं, मी तांब्या दिला. तुम्ही कशाला बघताय, तुमची मान कागदात व्हती.

दुरुस्ती. चार फेब्रुवारीच्या दुरुस्तीत 'सगळे' ऐवजी 'शेफाली' वाचावं असं म्हटलं आहे. तिथे 'शेफाली' ऐवजी 'कुणी नाही' वाचावं. 'हसले' ऐवजी 'ठसका लागला' वाचावं.

पन्नास दिवस मी हा सूड जपला. आता त्याचं काय करायचं? चिवड्यावर सूड घेता येत नाही.

केयूर सर रागावले नाहीत. ते जास्त वाईट होतं. म्हणाले, वल्लरी, एवढं इंग्रजी येतं तुला, मग झाकणाचं का नाही बोललीस? एक तारखेपासून धायरी.

२९ मार्च, शनिवार

शांतपणे विचार केल्यावर एक मुद्दा निघाला. ती हसली नाही, मान्य. पण 'शी इज न्यू' म्हणाली होती. तेव्हा मला लागून दोन महिने होऊन गेले होते. म्हणजे गिऱ्हाइकाला खोटी माहिती. हा गुन्हा शिल्लक आहे. बरं वाटलं.

३० मार्च, रविवार. पाडवा

गेले. गुढीवरचा तांब्या आमच्याच दुकानातला, जयसिंगने चिंचेने घासून लख्ख केलेला. सगळा स्टाफ होता. मी ठरवलं होतं तसंच सगळं होतं, फक्त सात वाक्यं खर्च झालेली होती.

शेफाली गाठीचा तुकडा घेऊन आली. हळूच म्हणाली, आज बोलायचं होतं ना मला? घे, सगळे आहेत. मी उभी राहते. हंड्याचं जोरात म्हण, ते मला आवडतं.

मी गाठी घेऊन अख्खी तोंडात घातली. तोंडात साखर असताना इंग्रजी बोलता येत नाही, हे एक कारण.

मग ती म्हणाली की तिने केयूर सरांशी भांडून एक बुधवार मिळवला आहे. दोन एप्रिल. मिस्टर ह्यूज यांचा फोन आला की ती तो मोबाइलवर मला गोडाऊनला जोडून देणार. झाकणांचं सांगायचं, बास. जमलं तर परत इथे. सर म्हणाले, एकच बुधवार. ती म्हणाली, लिहू नको काही, फक्त उचल.

घरी आल्यावर ठरवलं. तिचा उपकार घ्यायचा तर आधी हिशोब स्वच्छ हवा. फोन जोडला की मिस्टर ह्यूज यांच्याआधी तिच्याशी दोन वाक्यं बोलायची. इंग्रजीत, कारण चूक इंग्रजीत झाली. पहिलं: मी आपल्यावर खोटा आळ घेतला, मला क्षमा करा. दुसरं: परंतु मी नवीन नव्हते. माफी आणि आरोप, दोन्ही एकाच कागदावर. त्याच कागदावर खाली झाकणांचं.

२ एप्रिल, बुधवार. दुपारी ३.५०, धायरी

गोडाऊनला पंखा आहे. हे खरं होतं.

आजचं वेळापत्रक: कागदाचा कच्चा मजकूर ३.४५ पर्यंत. अण्णा दुपारचे झोपून चारला उठतात. ४.०५ ला त्यांना कागदाचा फोटो. ४.१५ ला दुरुस्त होऊन परत. ४.२५ पर्यंत पाठ. ४.३० ला फोन. कुठेही घाई नाही.

३.३० ला फोन वाजला. शेफाली. मी घड्याळ बघितलं. साडेतीन म्हणजे साडेचार नव्हे. कागद अजून कच्चा होता, 'क्षमा' शब्दाच्या पुढे दोन पर्याय लिहिले होते. जयसिंग टेम्पो घेऊन आला होता. म्हणाला, ताई, फोन वाजतोय. मी म्हटलं, ऐकू येतंय. तो म्हणाला, उचला की मग. मी म्हटलं, अजून तपासलेलं नाही. तो म्हणाला, त्यात तपासायचं काय हाय, हॅलो तर म्हनायचं.

थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा फार वेळ वाजला.

३.३६ ला मेसेज बघितला. तिकडची घड्याळं परवाच्या रविवारपासून एक तास पुढे गेली आहेत म्हणे, उन्हाळा म्हणून. त्यांचे अकरा आता आपले साडेतीन. खाली लिहिलं होतं, ते लाइनवर आहेत, उचल ना गं.

मी लगेच उलट फोन लावला असता. पण काय बोलायचं ते अण्णांनी बघितलेलं नव्हतं.

यादीत मिस्टर ह्यूज यांचं घड्याळ पाचवं. शेफालीचं नाव पहिल्या जागेवरून खोडलं, मग कंसात 'नवीन' लिहून पुन्हा ठेवलं, मग पुन्हा खोडलं. तो कागद आता खराब दिसतो, नवा करावा लागेल.

केयूर सर एकच बुधवार म्हणाले होते. पण कोणता, ते त्यांनी लेखी दिलेलं नाही. तारीख शेफालीने सांगितली, आणि ते तोंडी आहे. तोंडी गोष्टींवर माझा विश्वास नाही.

जयसिंग जाताना म्हणाला, ताई, चिवडा ठेवलाय खोक्यावर, ह्या वेळी कमी तिखट हाय. अजून हात लावलेला नाही.

ठरलं. दोन वाक्यं आणि झाकणं, कागद न बघता, शेफालीशी आणि मग मिस्टर ह्यूज यांच्याशी. फोन पहिल्या रिंगला उचलायचा. त्यासाठी अण्णांना पावणेतीनला उठवावं लागेल. ते कोणी उठवायचं, हे आईला संध्याकाळी लिहून विचारते. बुधवार, नऊ एप्रिल, दुपारी बरोबर साडेतीन.